बारा कप, अकरा बशा : गोव्यातल्या चिनी मातीच्या भांड्यांची पार्श्वभूमी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, चार दिवसांवर आली की फोंड्याच्या आमच्या घरी काचेच्या कपाटाची चावी निघायची. मधल्या खोलीत जुनं धोतर चार पदरी अंथरलं जायचं. बाजूला परातीत कोमट पाणी आणि परातीच्या तळाशी दुमडलेला पंचा, म्हणजे कप पितळेवर आपटू नये. आजी पाटावर बसायची आणि एकेक नग हातात घ्यायची. बारा कप, अकरा बशा, एक चहादाणी, दुधासाखरेची दोन भांडी. बारावी बशी माझ्या जन्माआधीच फुटली होती. ती कोणाच्या हातून फुटली हे आजीने कधी सांगितलं नाही, पण दरवर्षी अकरावी बशी पुसून झाली की तिचा हात क्षणभर तसाच थांबायचा. आम्ही मुलं तोवर स्वयंपाकघरातून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाऊन आलेली असायचो. 'तेलाचे हात लावं नाका,' एवढंच ती म्हणायची.

पुसलेला कप ती खिडकीकडे धरायची. पलीकडच्या बोटांची सावली कपाच्या अंगातून दिसायची, दुधात बुडवलेल्या हातासारखी. मग कडेवर नखाने टिचकी. कप धड असला तर नाद लांबत जायचा. केसाएवढी चीर गेली असली तर बद्द वाजायचा. बद्द वाजलेला कप मागच्या रांगेत जायचा. टाकला मात्र कधीच नाही.

कपाच्या तळाला हिरव्या शाईत बारीक इंग्रजी अक्षरं होती : 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या, म्हणजे मुख्यतः अमेरिकेच्या ताब्यात होता, तेव्हा निर्यातीच्या मालावर हा शिक्का मारत. १९५२ मध्ये तो ताबा संपला आणि शिक्काही गेला. आमच्या गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. आजोबांनी हा सेट एका तारवट्याकडून, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसाकडून, घेतला होता.

एक गोष्ट मला लहानपणी उमगत नसे. ज्या भांड्यांवर आजीचा एवढा जीव, ती स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून कधी आत गेली नाहीत. धुणं मधल्या खोलीत, चहा ओतणं ओसरीवर, तिथून पुन्हा कपाटात. आजी स्वतः त्या कपातून एकदाही चहा प्यायली नाही. तिचा पेला आधी पितळेचा, नंतर स्टीलचा. या एका गोष्टीचा माग काढत गेलं तर साडेचारशे वर्षं मागे, थेट जुन्या गोव्याच्या बाजारात जावं लागतं.

त्याआधी मातीबद्दल थोडं. केओलिन नावाची पांढरी माती कितीही तापवली तरी आकार सोडत नाही. तिच्यात एका विशिष्ट दगडाची पूड मिसळतात. सुमारे १३०० अंश सेल्सिअसला ती पूड वितळून काचेसारखी होते आणि मातीचे कण घट्ट धरून ठेवते. म्हणून हे भांडं पाणी शोषत नाही, म्हणून त्यातून उजेड झिरपतो, आणि टिचकीचा नादही त्यामुळेच. चीनच्या जिआंग्शी प्रांतातलं जिंगदेझेन हे या कामाचं जगातलं सर्वात मोठं गाव. केओलिन हे नाव त्याच्याजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून पडलं. पांढऱ्यावर निळी नक्षी चौदाव्या शतकात बहरली, तीही इराणकडून आलेल्या कोबाल्टमुळे. युरोपला हे गुपित १७१० च्या सुमारास, जर्मनीतल्या माइसेनला कारखाना निघाला तेव्हा हाती लागलं. तोवर तिकडे तर्कच चालू होते. काहींना वाटे, शिंपले कुटून ते वर्षानुवर्षं जमिनीत पुरून ही माती तयार करतात. युरोपातलं नाव 'पोर्सेलाना', आणि त्याचा मूळ अर्थ कवडी. कवडीची चकाकी ज्याने कधी जवळून पाहिली असेल त्याला हे नाव लगेच पटेल.

पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का. दोन वर्षांत जॉर्ज आल्व्हारिश चीनच्या किनाऱ्याला पोचला आणि १५५७ पर्यंत मकावला त्यांची वसाहत बसली. पोर्तुगालमधल्या बेजाच्या संग्रहालयात एक निळा-पांढरा चिनी वाडगा आहे. त्यावर मलाक्काचा कप्तान पेरो द फारिया याचं नाव आणि १५४१ साल पोर्तुगीज अक्षरांत रंगवलेलं आहे. ज्या रंगाऱ्याने ते काढलं त्याला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नसणार. मागणी नोंदवून, स्वतःचं नाव घालून भांडी करवून घ्यायची हौस इतकी जुनी आहे.

मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अधिकाराखाली होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी लक्षात घेत नाही. मकावची माणसं, पत्रं, माल, सगळं गोव्यावरून जाई-येई. वाऱ्याच्या हिशेबाने जहाजं एप्रिल-मेमध्ये गोव्याहून निघत आणि मकावहून हिवाळ्यात परतत. चिनी भांडी लंडनला किंवा अॅमस्टरडॅमला दूरची नवलाई म्हणून पोचली. गोव्याला ती जवळजवळ घरच्या वाटेने आली. उत्तर युरोपात श्रीमंताच्या कपाटातसुद्धा जेव्हा अशी एखाददुसरीच बशी असे, तेव्हा जुन्या गोव्यात त्यांचा उघड बाजार भरत होता.

त्या बाजाराचं वर्णन यान हॉयगेन व्हान लिन्सखोटेन या डच माणसाने करून ठेवलंय. १५८३ ते १५८८ तो गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस होता आणि त्याचं पुस्तक १५९६ मध्ये निघालं. त्यात तो एका रस्त्याबद्दल सांगतो : दोन्ही बाजूंना दुकानं, त्यांत चीनची रेशमी वस्त्रं, साटीन, दमास्क आणि चिनी मातीची सुंदर भांडी. आणि ही दुकानं हिंदूंची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या ओळीवरून पुढे गेलेच नाही. गोव्यात चिनी मातीची बशी गिऱ्हाइकापुढे धरणारे, ती गवतातून सोडवून फडक्याने पुसणारे, टिचकी मारून ती धड असल्याची खात्री करून देणारे हात आपल्याच लोकांचे होते. विकायला ती चालत होती. त्याच माणसाच्या घरी जेवायला मात्र चालत नव्हती.

समुद्राने याचा पुरावा जपून ठेवलाय. मुरगावच्या खाडीच्या तोंडाशी सुंची नावाचा खडक आहे. तिथे बुडालेल्या जहाजाचा शोध दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी घेतला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज. तोफांच्या नळ्या, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, आणि त्यांच्या जोडीला चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे. मर्तबानी रांजणांची खापरंही सापडली. मर्तबान हे ब्रह्मदेशातलं बंदर. तेल, पाणी, खारवलेले पदार्थ भरायचे मोठे झिलईदार रांजण तिथून सगळीकडे जात, आणि बंदराचं नावच भांड्याला चिकटलं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याच्या परिसरातही उत्खननात निळ्या-पांढऱ्या ठिकऱ्या मिळाल्या आहेत. आणि काही जुन्या घरांत फुटक्या चिनी बशांचे तुकडे जमिनीत नक्षी करून बसवलेले दिसतात. फुटली तरी ती घराबाहेर जाऊ दिली नाही, पायाखाली का होईना, ठेवून घेतली. मला ती जमीन पाहताना आजीची मागची रांग आठवते.

पोर्तुगीजांना ही भांडी का आवडली याचं एक सुंदर उत्तर ब्रागाचा आर्चबिशप बार्तोलोमेउ दुश मार्तिरिश याच्या नावावर आहे. १५६० च्या दशकात तो पोपच्या पंक्तीला जेवायला बसला होता. पुढ्यात चांदीची ताटं. तो म्हणाला, आमच्याकडे मातीचीच एक भांडी आहेत, पण देखणेपणात आणि स्वच्छतेत ती चांदीहून सरस आहेत. सगळ्या राजांनी चांदी सोडून तीच वापरावी. त्यात विरक्ताचा साधेपणा आहे आणि सुंदर वस्तूची ओढही आहे, आणि दोन्ही खरं आहे. चांदी वितळवून पैसा होतो. बशी वितळवून काहीच होत नाही. तिची किंमत ती अख्खी आहे तोवरच, म्हणून तिच्यावर वेगळा जीव जडतो.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत, विशेषतः सासष्टी-बार्देशच्या भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, टेबल आलं तशी त्यावरची भांडी आली. काटा-चमच्यांची नावं कोकणीने पोर्तुगीजांकडून घेतली : गार्फ, कुलेर. लोणच्याच्या बरणीला बुयांव म्हणतात, तेही 'बोइआंव'वरून. आपल्या मराठीतली 'बशी'सुद्धा पोर्तुगीज 'बासिया'ची लेक मानली जाते. म्हणजे पुण्यातली मंडळी 'कपबशी' म्हणतात तेव्हा त्यातला कप इंग्रजांचा आणि बशी आमच्याकडची. चांदोरच्या ब्रागांझांच्या वाड्यात किंवा लोटलीच्या जुन्या घरांत गेलात तर मकावहून आलेली भांडी अजून पाहायला मिळतात. अशा भांड्यांना पोर्तुगीजांनी 'कुंपान्यिया दाश इंदियाश', म्हणजे 'इंडीज कंपनी', हे नाव दिलं. त्यांतल्या काहींवर घराण्याचं मानचिन्ह असे. चिन्हाचं चित्र जहाजाने चीनला पाठवायचं आणि भांडी येईपर्यंत दोन-दोन वर्षं वाट पाहायची. १८२४ मध्ये पोर्तुगालमधल्या इल्याव्हुजवळ व्हिस्ता आलेग्रे हा कारखाना निघाला आणि मग लग्नाच्या सेटसाठी चीनकडे पाहायची गरज उरली नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात वाढायची रीत बदलली. आधी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. आता एकामागून एक वाढू लागले. प्रत्येक पदार्थाला वेगळी बशी आली. सूपची खोल, मासळीची, मटणाची, फळांची, शिवाय झाकणाची तेरीन आणि लांबट त्राव्हेस. बारा माणसांचा सेट शंभर नगांच्या घरात जाऊ लागला तो यामुळे, आणि तो ठेवायला काचेचं कपाट लागू लागलं. आमच्याकडच्या काचेच्या कपाटाचा कूळवृत्तांत असा त्या तेरिनीपर्यंत जातो.

हिंदू घरांची गोष्ट वेगळी. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे आमचे महाल पोर्तुगीजांकडे आले तेच १७६३ ते १७८८ या पंचवीस वर्षांत. तिकडची देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा देव आधीच तिसवाडी-सासष्टीतून इकडे आले होते, पाठोपाठ माणसंही. लिहिणं-वाचणं, कीर्तन, पोथी मराठीत, आणि जेवण सोवळ्यात. सोवळ्याच्या हिशेबात चिनी मातीला जागा नव्हती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत : धातू राखेने, पाण्याने, आंबटाने शुद्ध होतो; मातीचं भांडं शुद्ध करायचं तर पुन्हा भाजायला हवं, 'पुनःपाकेन मृन्मयम्'. मातीचं मडकं विटाळलं की फोडून नवं घ्यावं, त्याची किंमत ती किती. पण मकावची बशी कोण फोडणार? ती चकाकते, पाणी पीत नाही, तरी माती ती मातीच. पितळ्याला चिंच लावून घासलं की ते पुन्हा कोरं होतं. बशी एकदा उष्टी झाली की शास्त्राप्रमाणे ती कायमची उष्टी. म्हणून तिला ओसरीवर बंदी नव्हती, चुलीजवळ होती.

याला एकच अपवाद मी घरोघरी पाहिलाय : लोणच्याची बरणी. ती जाड झिलईची, बाहेरून तपकिरी-पांढरी. मीठ आणि आंबट धातूला खातात, बरणीला नाही. कैरी, करमल, बिंबल, सगळं तिच्यात. ती फडताळाच्या वरच्या खणात, कोणाचा हात लागणार नाही अशी. जिथे दुसरा उपायच नव्हता तिथे नियमाने वाट करून दिली होती.

तेव्हा देखणं मांडण्याची हौस आमच्या घरांत नव्हती असं कोणी समजू नये. ती जमिनीवर होती. पंगतीच्या दिवशी सकाळीच जमीन सारवायची, पाट मांडायचे, केळीचं पान असं ठेवायचं की शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल. पानाभोवती रांगोळीची महिरप : कोणी वेल काढे, कोणी कुयऱ्या, कोणी मोराची जोडी. वाढायला सुरुवात मिठापासून, वरच्या बाजूला मध्यभागी. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, त्यावर तुपाची धार. दोन पानांमध्ये समई किंवा उदबत्तीचं घर. आजीला वीस पानांच्या महिरपी उभ्याने, दोरी न लावता, सरळ रेषेत काढता येत. पाटावरून उठताना पाहुण्याच्या पायाने रांगोळी पुसली गेली तरी तिला वाईट वाटत नसे, ती पुसण्यासाठीच होती. पान गाईपुढे जायचं. दुसऱ्या दिवशी काही शिल्लक नसे.

चिनी मातीने आमच्या घरांत जे नवं आणलं ते मला इथे दिसतं. मांडण्याची हौस आधीपासून होती, पण मांडलेलं ठेवून द्यायची गोष्ट नवी. पानाला आठवण नसते. बशीला असते : हिच्यात अमक्याच्या साखरपुड्याला लाडू ठेवले, हिचा कपचा अमक्याच्या हातून उडाला. देखण्या मांडणीचं सुख एका सकाळीपुरतं होतं, ते पुढच्या पिढीकडे सोपवायची सोय झाली.

चहा आला आणि ओसरीवरची बंदी-सवलत आणखी गुंतागुंतीची झाली. चहा कोणाच्या घरी, कशातून आणि कोणाच्या हातचा प्यायचा यावरून महाराष्ट्रात काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाद्र्यांनी चहा-बिस्किटं दिली. हजर असलेल्यांत टिळक होते, रानडे होते, गोखले होते. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, पुढे प्रायश्चित्तापर्यंत गेलं. पुण्यात हे घडलं, तर पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यात राहणाऱ्या आमच्या लोकांची काय ओढाताण झाली असेल. हापीस त्यांचं, कज्जे त्यांच्याकडे, आणि घरी आलेल्या साहेबाला खुर्ची आणि कप दिल्याशिवाय चालायचं नाही.

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. त्यानंतर राज्य आणि चर्च वेगळे झाले आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. नोकऱ्या खुल्या झाल्या, मुलं पणजीच्या लिसेवात, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेत, जाऊ लागली. हिंदू घराच्या ओसरीवर पाहुणा बदलला : मास्तर, डॉक्टर, वकील, रेजिदोर म्हणजे गावचा सरकारी अंमलदार. त्यांच्यासाठी खुर्च्या आल्या, खुर्च्यांपुढे गोल टेबल, टेबलावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर कपबशी. आमच्यासारख्या बेताच्या घरांत सेट यायला आणखी चाळीस वर्षं गेली, पण ओसरीची रीत तयारच होती. पाहुणा गेला की कप वेगळ्या पाण्याने, वेगळ्या जागी धुवायचे.

आणि त्याच ओसरीच्या खाली, अंगणाच्या कडेला, करवंटी होती. शेतात राबायला येणाऱ्या बायांना चहा त्यातून मिळायचा. करवंटी धुऊन कुंपणाच्या खुंटीला उलटी अडकवून ठेवायची त्यांनीच. माझ्या आठवणीत ती आहे. बोटांची सावली दिसणारा जपानी कप आणि ती करवंटी यांच्यात चार पायऱ्यांचं अंतर होतं. दोन्ही चुलीपासून लांब ठेवण्याचं कारण एकच होतं, विटाळ. फरक एवढाच की एकीकडे मान होता. साहेबाचा विटाळ चिनी मातीत आणि बाईचा करवंटीत. चिनी मातीच्या भांड्यांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे लिहायला हवं. त्यांच्या इतिहासातून ही खुंटी काढून टाकली तर तो खरा राहणार नाही.

आमचा सेट आला तो काळ गोव्याच्या कपाटांसाठी भरभराटीचा होता. पन्नाशीच्या दशकात लोहखनिज जपानला जाऊ लागलं, हातात पैसा खेळू लागला. पुढे भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हा पलीकडून येणारा रोजचा माल अडला आणि समुद्रावरून येणारा परदेशी माल वाढला. पणजी-मडगावच्या दुकानांत युरोपचं आणि जपानचं सामान मिळे. त्यात तारवटी दर खेपेला पेटीत लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून काहीतरी आणत, आणि नैरोबी किंवा मोझांबिकहून रजेवर येणारे आफ्रिकनारही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर आयातीचे भारतातले कडक निर्बंध इथेही लागू झाले आणि एका रात्रीत असं झालं की कपाटात जे आहे ते आहे, फुटलं तर जोड मिळायची नाही. माझ्या आजीच्या पिढीने कप ज्या जिवापाड जपले त्यामागे हे साधं कारण आहे. बारावी बशी फुटली तेव्हा ती भारतभर शोधूनही मिळाली नसती.

जोड मिळत नसे म्हणून दुरुस्ती होती. फुटक्या बशीच्या दोन तुकड्यांना कडेने बारीक भोकं पाडून तारेचे टाके घालत. पोर्तुगीज भाषेत या टाक्याला 'गातु' म्हणतात, म्हणजे मांजर; नखं रोवून धरून ठेवतं म्हणून असेल. जुनी मोठी बशी कुठे भिंतीवर टांगलेली दिसली तर परवानगी घेऊन ती उलटी करून पाहा. मागे टाके असले तर त्या घरात तिच्यावर खरं प्रेम होतं. पुढून टाके दिसत नाहीत. हे काम करणारे हात मी पाहिलेले नाहीत, टाके मात्र पाहिलेत.

पुढे बोन चायना आलं. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जोसाया स्पोडने ते नीट बसवलं. मातीत जनावरांच्या हाडांची राख, जवळजवळ निम्मी. त्यामुळे भांडं अधिक पांढरं, पातळ आणि तरी चिवट होतं. माझ्या काकूने लग्नात मिळालेला असा सेट आजीला कौतुकाने दाखवला आणि कोणीतरी त्या नावाचा अर्थ सांगितला. आजीने कप हातातून अलगद खाली ठेवला, रागावली नाही, पदराला हात पुसले. तो सेट काकूच्या खोलीतच राहिला. मला आज तिचं काही चुकलं असं वाटत नाही. वस्तू कशाची केली आहे हे विचारणाऱ्या पिढीतली ती होती, आणि तो प्रश्न योग्यच आहे.

ओपल काचेचे न फुटणारे सेट आले, मेलामाइन आलं, लग्नांतून बुफे आला. आमच्या घरी सोवळं कुठल्या एका दिवशी सुटलं नाही. आधी आजी मधल्या खोलीत बसायची राहिली, गुडघे दुखू लागले म्हणून. मग कप धुवायचं काम आईकडे आलं, आणि आईने परात न घेता ते सरळ स्वयंपाकघरातल्या मोरीवर नेले. आजी दारात उभी होती. 'परातींत पंचो घाल गो,' एवढंच ती म्हणाली. आईने मोरीत पंचा अंथरला.

त्या चवथीला आमच्याकडे भात लावायला येणाऱ्या दोघी बाया पाचव्या दिवशी गणपतीच्या पाया पडायला आल्या. ओसरीवर सेट मांडलेलाच होता. आईने त्यांना वर बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि त्याच चहादाणीतून चहा ओतला. एकीने कप दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली, आणि पिण्याआधी तो उजेडाकडे करून आतून पाहिला, अगदी आजी पाहायची तसा. आजी आतल्या खोलीत होती. तिला दिसलं की नाही ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

आता किल्ली माझ्याकडे असते. कप अजून बारा आहेत, त्यातले तीन बद्द वाजतात. गेल्या वर्षी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात एक बशी दिसली, काठाला निळी रेघ, मागे शिक्का नाही, कुठली ते कळायला मार्ग नाही. आमच्या सेटशी तिचा रंगही जुळत नाही. टिचकी मारून पाहिली, नाद स्वच्छ होता. घेऊन आले. चवथीला बाराव्या कपाखाली ती ठेवते.